रायाजीराव बर्फात जातात

एका जंगलात, मुलांनो, मरणाची सोय फार चांगली होती. कुणी मेले की आधी गिधाडे येत. मग तरस येऊन हाडे नेत. उरलेसुरले मुंग्या बघत. पुढे त्या जागी इतके कोवळे गवत उगवे, की शोक करायला आलेले नातेवाईक पोटभर चरून परत जात. या व्यवस्थेबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. ज्यांची असू शकली असती, ते मेलेले असत.

त्या जंगलात गव्यांचा एक मोठा कळप होता. रायाजीराव त्याचे प्रमुख आणि सगुणाबाई त्यांची पत्नी. पाणवठ्यावर आधी रायाजीराव उतरत. मध्यभागी उभे राहून, पायांनी तळ ढवळत, सावकाश पाणी पीत. त्यांनी मान हलवली की मग बाकीच्यांनी प्यायचे. सगुणाबाई जन्मभर गढूळ पाणी प्यायल्या. पाण्याचा रंगच तसा असतो, अशी त्यांची समजूत झाली होती.

रायाजीराव म्हातारे झाले. त्यांना खोकला लागला. सुदामपंत नावाचे एक वयस्क गिधाड रोज सकाळी समोरच्या ऐनाच्या झाडावर येऊन बसे आणि आपुलकीने तब्येतीची चौकशी करी. आज बरे आहे, असे रायाजीराव सांगत. मग सुदामपंत म्हणत की असू दे, असू दे, आम्हाला काही घाई नाही.

अशात उत्तरेकडून भालचंद्र नावाचे एक अस्वल आले. अंगावर दाट केस, बोलणे मृदू. त्याने सगळ्यांना वडाखाली बोलावले आणि सांगितले, की मरण ही जुनी कल्पना झाली. पलीकडच्या उंच डोंगरावर त्याच्या घराण्याची बर्फाची गुहा आहे. मेलेल्याला तिथे नेऊन ठेवायचे. तो ज्या दुखण्याने मेला, त्याचे औषध कधी ना कधी सापडेलच. सापडले की त्याला उन्हात आणायचे, चोळायचे आणि उठवायचे. आमच्याकडची सगळी अस्वले हिवाळाभर बर्फात झोपतात आणि वसंतात उठतात, हे त्याने पुरावा म्हणून सांगितले.

"पण तेव्हा ती जिवंत असतात ना?" सगुणाबाईंनी विचारले.

"तो तपशिलाचा भाग झाला," अस्वल म्हणाले.

जंगलात एकच चर्चा सुरू झाली. हत्तींना जागा पुरणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी नुसते डोके ठेवण्याची सवलत निघाली. मुंगसाने अट घातली की शेजारी सापालाही ठेवा, नाहीतर उठून करायचे काय. हरणांनी विचारले, की वाघाने अर्धे खाल्ले असेल तर चालते का. अस्वल म्हणाले, कुठले अर्धे त्यावर आहे. बेडूक मात्र गप्प बसून होता. तो दर उन्हाळ्यात चिखलात निपचित पडे आणि दर पावसाळ्यात उठे. पण त्याला कुणी तज्ज्ञ मानत नव्हते.

रायाजीरावांनी त्याच संध्याकाळी निर्णय घेतला. आपल्यामागे कळपाचे कसे होणार, ही काळजी त्यांना फार दिवस खात होती. आता ती मिटली. आपल्यामागे पुन्हा आपणच येणार होतो. सगुणाबाईंनीही सोबत यायचे, असेही त्यांनी ठरवून टाकले.

सगुणाबाई बराच वेळ रवंथ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, पुढच्या जन्मी भेट व्हायचीच आहे. मध्ये जरा विश्रांती नको का?"

रायाजीरावांना वाटले, ही थंडीला घाबरते. ते म्हणाले, आधी जागा तर बघून येऊ.

सुदामपंतांना ही बातमी कळली तेव्हा ते झाडावरच पंख पाडून बसले. इतकी वर्षे रोज न चुकता चौकशी केली, आणि शेवटी हे, एवढेच ते सगुणाबाईंपाशी बोलले. सगुणाबाईंना त्यांचे फार वाईट वाटले.

गुहा खरोखरच थंड होती. रायाजीराव खोकत खोकत चढले. अस्वल पुढे होऊन एकेक कोनाडा दाखवत होते. अगदी आत, बर्फाच्या मोठ्या ढेपेत, एक प्रचंड गवा उभा होता. शिंगे पसरलेली, छाती पुढे, डोळे उघडे. सगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, मग बर्फाकडे पाहिले. नाक अगदी तेच होते.

अस्वलाने सांगितले, की हे थोरले नागोजीराव. तुमचे पणजोबा. माझ्या आजोबांनी त्यांना इथे ठेवले. ते खुरकुतीने गेले, आणि त्या काळी खुरकुतीवर काही उपाय नव्हता.

रायाजीरावांचे डोळे भरून आले. नागोजीरावांच्या गोष्टी ऐकतच ते लहानाचे मोठे झाले होते; ते शेवटी कुठे गेले, हे मात्र त्या गोष्टींत कधी आले नव्हते.

"आता तर उपाय आहे," सगुणाबाई म्हणाल्या. "करंजाचा पाला चघळून खुरांवर थापला की चार दिवसांत बरं होतं. वासरांनाही ठाऊक आहे."

"मग अडचणच नाही," अस्वल म्हणाले. "मात्र घरच्यांनी नावानं हाक मारल्याशिवाय आम्ही कुणाला बाहेर काढत नाही. तुम्ही हाक मारा. मी बर्फ फोडायला घेतो."

रायाजीराव दोन पावले पुढे झाले. त्यांनी तोंड उघडले. मग ते थबकले.

हे उठले तर राहणार कुठे, असे त्यांनी विचारले. कळपातच, अस्वल म्हणाले. आणि प्रमुख कोण राहील? अस्वलाने खांदे उडवले. पाणी आधी कोण पिणार, हा प्रश्न रायाजीरावांनी मोठ्याने विचारला नाही, पण सगुणाबाईंना तो ऐकू आला. नागोजीरावांच्या काळचे बांबूचे बन केव्हाच फुलून वाळून गेले होते. ते बन कुठे गेले, असे नागोजीरावांनी विचारले तर जबाबदार कोण? शिवाय ते चारचौघांत रायाजीरावांना बाळ म्हणतील. म्हणजे हक्कच होता त्यांचा.

रायाजीराव दोन पावले मागे सरले.

"किती शांत झोपलेत," ते हळूच म्हणाले. "कशाला उगाच उठवायचं? जरा परिस्थिती सुधारू दे."

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. "आणि तुम्हाला कोण हाक मारणार?"

"माझी पतवंडं मारतील," रायाजीराव म्हणाले. "त्यांच्यावर माझे संस्कार असतील."

थंडीच्या अखेरीस खोकल्याने रायाजीराव गेले. सगळ्या कळपाने त्यांना वेलींनी बांधून डोंगरावर ओढत नेले. त्यात दोन गवे दरीत पडले. त्यांना कुणी बर्फात ठेवले नाही, कारण ते साधे होते. सुदामपंत मात्र त्यांच्याकडे लगेच उतरले.

सगुणाबाईंनी अस्वलाला नम्रपणे नाही म्हणून कळवले. दुसऱ्या दिवशी त्या पाणवठ्यावर गेल्या. सवयीने कडेला थांबल्या. कुणी मान हलवेना. शेवटी त्या स्वतःच उतरल्या. तळाशी खडे होते. खड्यांत लहान मासे होते. त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाण्याचा तळ पाहिला, आणि त्या प्यायचे विसरून बघतच राहिल्या.

त्यानंतर त्या पुष्कळ जगल्या. सुदामपंत रोज येत. एके सकाळी सगुणाबाई ऐनाखाली टेकल्या त्या उठल्या नाहीत. सुदामपंत खाली उतरले आणि जरा अंतर ठेवून बसले.

"आज कसं वाटतंय?" त्यांनी विचारले.

"दमले," सगुणाबाई म्हणाल्या. "या तुम्ही."

"घाई नाही," सुदामपंत म्हणाले, आणि दुपारपर्यंत त्यांच्यावर पंखांची सावली धरून बसले.

पुढे पुष्कळ काळ गेला. अडुळशाच्या पानांनी खोकला जातो, हे सगळ्या जंगलाला कळले. रायाजीरावांचा पणतू गुहेत आला. भालचंद्राच्या नातवाने बर्फ पुसून दाखवला. आत रायाजीराव होते, छाती पुढे, डोळे उघडे. शेजारी नागोजीराव होते. पलीकडे आणखी काही कोनाडे भरले होते. मेलेला खरोखर उठतो का, हे अजून कुणालाच कळले नव्हते, कारण हाक अशी कुणी मारलीच नव्हती. त्यामुळे अस्वलांची पद्धत आजवर एकदाही फसली नव्हती.

"हाक मारता?" नातवाने विचारले.

पणतूने आदराने मान खाली घातली. "थोरांची झोपमोड करू नये," तो म्हणाला, "असंच आमच्या घरी शिकवतात." आणि मग, जाता जाता, स्वतःसाठी एक कोनाडा बघून गेला.

तात्पर्य : ज्यांना मेल्यावर पुन्हा उठायचे असेल, त्यांनी मुलाबाळांना आपले वळण लावू नये.