ओव्हरआप्पा

आमच्या शेजारच्या शिवाप्पांशी बोलायचं तर एक नियम पाळावा लागायचा. आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं. नाही म्हटलं तर आप्पा गप्प, आपल्या तोंडाकडे बघत उभे. "वैनी, संपलं न्हवं? मग ओव्हर म्हणा की! दुसऱ्याच्या बोलण्यावर पाय द्यायचा न्हाय."

शिवाजी पेठेत त्यांचं स्टो दुरुस्तीचं दुकान होतं, पण जीव सगळा हॅम रेडिओत, म्हणजे घरबसल्या बिनतारी बोलायच्या हौशी रेडिओत. रीतसर परीक्षा देऊन लायसन काढलेलं. माळ्यावर रेडिओ, गच्चीत बांबूला बांधलेली एरियलची तार, आणि रोज सकाळी सातला हजेरी. कागलचे एक मास्तर, वारणानगरचे एक फिटर, अशी पाच-सहा डोकी आपापल्या घरनं आवाज द्यायची. फोन बंद पडले, रस्ते तुटले, तर ह्यांनी गावोगावचे निरोप पोचवायचे, म्हणून आप्पांनी ही साखळी बांधलेली.

त्यांच्या बायकोला, अक्कांना, तो रेडिओ सवतीसारखा वाटायचा. त्या एरियलच्या तारेवर खुशाल ओलं लुगडं टाकायच्या. आप्पा माळ्यावरनं ओरडायचे, "वारणानगर गेलं! वारणानगर गेलं!" आणि अक्का खालनं, "जाऊ दे. लुगडं वाळलं की येतंय परत."

आणि ओव्हर म्हणणं? छे! "चहा झालाय" म्हणून हाक मारायच्या आणि गप्प. आप्पा वर वाट बघत बसायचे. चहावर साय धरायची. "मरीन, पण त्या डबड्याची भाषा बोलणार न्हाय," असं मला सांगायच्या, तेही वर ऐकू जाईल अशा बेतानं. जन्मभर तो माणूस गार चहा प्यायला, पण दोघांतलं कुणी हटलं नाही.

एकदा ऐन मे महिन्यात आप्पांनी गल्लीत सराव ठेवला. नळाला चार दिवस पाणी नाही, आम्ही बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघतोय, आणि हे भर रस्त्यात वॉकीटॉकीत सांगताहेत, "समजा, पूर आलाय. पाणी कमरंपतोर हाय. ओव्हर." तालमीतला एक पैलवान म्हणाला, "आप्पा, त्यातलं थोडं ह्या घागरीत वता की!" सगळी गल्ली हसली. आप्पा शांतपणे त्याला म्हणाले, "ओव्हर म्हणायचं राहिलं."

मग एका पावसाळ्यात पंचगंगा खरंच गावात शिरली. फोन मुके झाले. माझी सुमन कागलला दिलेली, दिवस भरलेली. मी भिजत आप्पांच्या माळ्यावर गेले.

"आप्पा, आधी माझ्या लेकीचं विचारा."

त्यांनी वहीतनं मान वर काढली नाही. "तुमचा नंबर अकरावा, वैनी. पयलं औषधांचे निरोप, मग होड्यांचे, मग घरगुती."

"अवो, लेक हाय माझी!"

"सगळ्यांचंच कोण ना कोण हाय. रांगेनं की."

मी तिथंच बसले आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. दुपारी मास्तरांनी कळवलं, सुमन दवाखान्यात सुखरूप आहे. डोळे पुसता पुसता माझी नजर त्या वहीवर गेली. माझ्या खाली आणखी नऊ नावं होती, आणि सगळ्यांत शेवटी, पेन्सिलीनं, 'अक्का'.

अक्का चार दिवसांपूर्वी माहेरी गेल्या होत्या, सीमेकडच्या नदीकाठच्या गावी. त्या गावाला वेढा पडल्याचं आप्पांना सकाळपासून ठाऊक होतं.

"आप्पा, हे तरी वर घ्यायचं!"

"नियम माझाच हाय, वैनी." हातातली पेन्सिल मात्र वहीवर टकटक वाजत होती.

मी उठलेच नाही. एकेक नाव खोडलं जात गेलं. संध्याकाळी मास्तर वॉकीटॉकी घेऊन नावेनं त्या गावात पोचले. "आप्पा, माणसं शाळेच्या गच्चीवर हायती. अक्काबी हायत. देतो त्यांच्याकडं. ओव्हर."

खरखर झाली. मग अक्कांचा आवाज आला, "अवो, मी बरी हाय. चहा घेतलासा न्हवं?"

आप्पा गप्प. मला वाटलं, हा माणूस आजसुद्धा वाट बघत बसलाय की काय! चांगलं सुनवावं म्हणून वळले, तर ते सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते.

खरखर चालूच होती. आणि मग तिकडनं, अगदी बारीक आवाजात, "ओव्हर."

आप्पांनी बोलायचं बटण दाबलं. बराच वेळ दाबून धरलं. आणि एक शब्दही न बोलता, ओव्हरसुद्धा न म्हणता, सोडून दिलं.