मौजे आठलाज

नामाकाका मयताच्या घरी भेटायला गेले की पाच मिनिटं मान खाली घालून बसत, चहा नको म्हणून घेत, आणि मग हळूच विचारत, "मृत्युपत्र केलं होतं का हो?"

घरातले थोरले-धाकटे एकमेकांकडे बघायला लागत. सुना आतून दाराशी येत. काकांना इस्टेटीशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना फक्त पहिली ओळ पाहिजे असायची : 'मी अमुक, हल्ली मुक्काम तमुक, मूळ राहणार...' तेवढी वाचली की कागद परत. "पुढचं तुमचं तुम्ही भांडा."

काका म्हणजे माझे सख्खे चुलते. सुरतेत, उधन्याच्या लूमखात्यात मुकादमी करून निवृत्त झाले होते. त्यांना आमच्या घराण्याचं मूळ गाव शोधायचं होतं, आणि आपल्या आडनावाचा कोणीतरी कुठून तरी निघालेला असणारच, असा त्यांचा हिशेब होता. या कामी त्यांनी माझी निवड केली. माझ्या हुशारीसाठी नव्हे, माझ्याकडे स्कूटर होती.

आमच्या घराण्यात इस्टेट कधीच नव्हती, पण मृत्युपत्राची हौस पिढीजात. आजोबांनी एक गळका हंडा थोरल्याला आणि त्याचं झाकण धाकट्याला लिहून दिलं होतं. दोघं भाऊ त्यावरून बारा वर्षं बोलत नव्हते. या कागदांचा माग काढत आम्ही निघालो. आजोबांचा कागद म्हणे, मूळ गाव नंदुरबार. नंदुरबारला गेलो तर तिथले म्हाताऱ्या माणसांसकट सगळे म्हणाले, "छे, तुम्ही शहाद्याचे." शहाद्याला गेलो. तिथले म्हणाले, "तुमचं आडनावच इकडचं नाही. बाहेरून आले असाल." आणि इथे सुरतेत तर कोणीही विचारतं, "तमे क्यांना?" तुम्ही कुठले?

"हे सगळे हल्ली मुक्काम झाले, सुध्या," काका म्हणायचे. "मूळ बोल, मूळ!"

शेवटी शहाद्याच्या एका चुलत घराण्यात पणजोबांचं मृत्युपत्र सापडलं. मोडीत. ते वाचायला तिथेच राहणारे, मूळ पुण्याकडचे एक निवृत्त गुरुजी गाठले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि स्वच्छ आवाजात वाचलं, "मूळ राहणार मौजे आठलाज."

"आठलाज!" काका उठूनच उभे राहिले. "तालुका?"

"तालुका लिहिलेला नाही."

परतीच्या गाडीत काका खिडकीबाहेर बघत ते नाव घोळवत होते. नवापूर गेलं आणि त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "अडालज! अहमदाबादच्या पुढे आहे बघ, वाव आहे मोठी, पायऱ्यांची विहीर. आपण मूळचे गुजराती, सुध्या!"

त्यानंतर काही महिने आमचं घराणं गुजराती होतं. काका गोड डाळ खायला लागले. शेजारच्या पटेलांना "आपणे तो एकज" म्हणून मिठी मारू लागले. एकदा एकटेच अडालजला जाऊन त्या विहिरीपाशी बसून आले आणि येताना बाटलीभर पाणी घेऊन आले. सगळ्यांना चमचा-चमचा दिलं. काकूनं घोट घेतला, जरा विचार केला.

"सुरतना नळना पानीसारखंज लागस," ती म्हणाली.

काकू घरात अहिराणीच बोलायची. काका मात्र गणेश मंडळाचे अध्यक्ष झाल्यापासून शुद्ध मराठीवर आले होते. घरातही 'पाणी आण' ऐवजी 'पाणी आणावे' म्हणत.

मग ते उधना स्टेशनवरचं. आम्ही कोणाला तरी आणायला गेलो होतो. भुसावळकडच्या गाडीतून एक म्हातारी उतरली, डोक्यावर गाठोडं. पोरगा बमरोलीला राहतो एवढंच तिला ठाऊक. काकांनी गाठोडं उतरवून हातात घेतलं. म्हातारीनं त्यांना नीट निरखलं आणि विचारलं, "कठला शे रे भाऊ तू?"

"आठलाज, माय," काका बोलून गेले. म्हणजे, इथलाच.

आणि गाठोडं हातात घेऊन तसेच उभे राहिले.

मलाही कळायला वेळ लागला नाही. मृत्युपत्र लिहून घेणाऱ्या कारकुनानं विचारलं असेल, मूळ कुठला? पणजोबा म्हणाले असतील, आठलाज. त्यानं गाव समजून पुढे 'मौजे' लावलं. सरकारी कागदात आपली घरातली बोली बसली असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी हसू दाबत म्हणालो, "म्हणजे काका, शहादाच की!"

"नाही रे," काका म्हणाले. "ज्याच्यावर कोणी शंका घेत नाही तो नुसतं 'आठला' म्हणतो. 'ज' लावायची पाळी आपल्यासारख्यांवर येते. तुझ्या पणजोबांनाही लोक बाहेरचेच म्हणत असतील."

म्हातारीला बमरोलीला पोचवून आम्ही घरी आलो. काकांनी काकूला सगळं सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. काका नाही हसले.

"चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी तू सासुरवाडीला होतास," ते मला म्हणाले. "तुला सांगितलं होतं, आम्ही चाळीला राखण म्हणून थांबलो. खोटं. आम्हीही ट्रंक घेऊन स्टेशनवर गेलो होतो. अख्खं उधना गावी पळत होतं. खिडकीवरच्यानं विचारलं, कहाँ का? मला सांगता येईना. नंदुरबारला कोण होतं आपलं? मागचे ढकलायला लागले. बाजूला झालो, घरी आलो. त्याच रात्री हिला ताप भरला."

"मलेरिया व्हता तो," काकू म्हणाली.

"ते नंतर कळलं. चाळीत एक दिवा नाही, डॉक्टरसुद्धा पळालेला. हिच्या उशाशी बसून मी एकच विचार करत होतो. चाळीस वर्षं संसार केला, आणि हिला न्यायला माझ्याकडे एक गाव नाही."

मग काकू पदराने हात पुसत म्हणाली, "माले कोठे जानं व्हतं? तुम्ही व्हतात ना."

काका उठून गॅलरीत गेले, दोरीवरचं तिचं लुगडं काढून आणलं आणि घडी घालायला बसले. नऊवार लुगड्याची घडी एकट्याला जमत नाही. थोडा वेळ त्यांची झटापट बघून काकूनं दुसरं टोक धरलं.

मी चपला घातल्या आणि स्कूटर सुरू न करता चाळीच्या तोंडापर्यंत ढकलतच नेली.