दोन थेंब रक्तासाठी

सगळ्या जगाला रक्ताची भीती वाटते. थ्रासोसला मात्र ईस्टरआधीच्या त्या गुरुवारी दोन थेंब रक्त हवं होतं, आणि ते काही केल्या मिळत नव्हतं. टपरीच्या मागच्या बाजूला, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर आरसा टेकवून तो हिरड्या घासत होता. ब्रश नवाकोरा, दुकानातला सगळ्यात कडक. घासून घासून खांदा दुखायला लागला, पण हिरड्या ढिम्म. थुंकी पांढरीशुभ्र पडली.

"अजून नाहीच?" झिसिसने विचारलं. झिसिस म्हणजे समोरच्या धक्क्यावरचा मासेवाला, आणि थ्रासोसला आजवर मिळालेल्या प्रत्येक वाईट सल्ल्याचा उगम.

"नाही ना. मेल्या, तुझं ऐकलं आणि फसलो."

"घ्या. रक्त येत होतं तेव्हा बोंबलत होतास, आता येत नाही तरी बोंबलतोस. तुझ्या हिरड्यांनी करायचं तरी काय?"

झिसिसचं बोलणं खोटं नव्हतं, पण हे सगळं सुरू झालं ते हिरड्यांवरून नव्हे, नातीवरून. त्यांचं कावाला हे बंदराचं गाव मुळात तंबाखूवर वाढलेलं. थ्रासोसचे आजोबा तंबाखूच्या वखारीत, वडील वखारीत, आणि हा सिगारेटी विकणाऱ्या टपरीत. मिसरूड फुटायच्या आधीपासून ओढत होता. मुलगा लेफ्तेरिस जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सून मिर्सिनी दातांची डॉक्टर. तिला मुलगी झाली. अजून बाप्तिस्मा व्हायचा होता म्हणून नाव नव्हतं, सगळे नुसतं 'बेबा' म्हणत. मिर्सिनीने बाळंतपणाच्या खोलीतच सांगून टाकलं होतं, "सिगारेट ओढणाऱ्याच्या मांडीवर माझी पोर जाणार नाही. मग तो आजोबा असो नाहीतर आर्चबिशप."

तेव्हापासून थ्रासोस नातीला लांबूनच बघत होता. बायको इव्हान्थिया दिवसभर बेबाला कडेवर घेऊन मिरवायची, आणि हा खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचा. एवढा मोठा माणूस, पण त्याला कधीकधी खरंच रडू यायचं.

शेवटी ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या सोमवारी, टेकडीवर सगळं गाव पतंग उडवत असताना, त्याने चारचौघांत शपथ घेतली. सिगारेट बंद. त्याऐवजी चार्जिंगवर चालणारी ती ई-सिगारेट घेतली, खरबुजाच्या वासाची. आणि कौतुक करा, शपथ पाळलीसुद्धा. पण थोड्याच दिवसांत सफरचंदाचा चावा घेतला तर सफरचंद लाल. दात घासले तर ब्रश लाल. थ्रासोसची पाचावर धारण बसली.

"ते यंत्र तुला आतून खातंय," झिसिसने निदान केलं. "चाळीस वर्षं खरी सिगारेट ओढलीस. एकदा तरी रक्त आलं?"

आलं नव्हतं. थ्रासोसने जिवाला भिऊन खरी सिगारेट पुन्हा धरली, टपरीमागे, चोरून. पाकीट बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात लपवायचं, ओढताना दुसरा शर्ट घालायचा, वर पुदिन्याच्या गोळ्या. लोकांसमोर मात्र खरबुजाची वाफ. काही आठवड्यांत रक्त थांबलं. फक्त डब्यातलं पाकीट त्याच्या अंदाजापेक्षा लवकर संपायचं. झिसिस हात मारत असणार, असं समजून त्याने मनातल्या मनात त्याला माफही केलं होतं.

आणि आदल्या दिवशी जेवताना इव्हान्थिया सहज बोलून गेली, "मध्ये याच्या ब्रशाला सारखं रक्त दिसायचं गं."

मिर्सिनीने चमचा खाली ठेवला. थ्रासोस बोलणी खायच्या तयारीत बसला. पण सुनेचा चेहरा तर फुलला होता.

"बाबा, म्हणजे तुम्ही खरंच सोडली? मला वाटलं होतं, थापा मारताय. अहो, सिगारेटने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. आत सगळं बिघडलेलं असतं, पण रक्त म्हणून येत नाही. माणसाला वाटतं, आपण ठणठणीत. सिगारेट सुटली की रक्त पुन्हा नीट खेळायला लागतं, आणि आजार दिसायला लागतो. दिसला की बरा करता येतो. ते खरबूज पण काही दूध नाहीये, तेही सोडवणार आहे मी. पण उद्या दुपारी दवाखान्यात या. हिरड्या तपासते, आणि मग बेबा तुमच्या मांडीवर."

थ्रासोस हसला. हसताना त्याने तोंड मिटून घेतलं.

तर असा हा पेच. आणि हिरड्या अशा कोरड्या ठाक.

दुपारी तो घरी आला तेव्हा स्वयंपाकघरात अंडी रंगवायचं काम चाललं होतं. ईस्टरची अंडी या गुरुवारीच रंगवायची, आणि लालच रंगवायची. ओट्यावर व्हिनेगर घातलेल्या लाल रंगाचं पातेलं वाफाळत होतं. इव्हान्थिया हात पुसत म्हणाली, "मी बेबाला बाबागाडीतून फिरवून परस्पर दवाखान्यात येते. अंड्यांना हात लावू नकोस." ती गेली. थ्रासोसने अंड्यांना हात लावला नाही. त्याने खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली शोधली आणि पातेल्यातला रंग तिच्यात भरून घेतला.

दवाखान्याच्या जिन्यात त्याने अंगठा बाटलीत बुडवला आणि हिरड्यांवर चोळला. व्हिनेगर असं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची म्हातारी जिना उतरत आली.

"काय थ्रासोस, बरा आहेस ना?"

त्याने मिटल्या तोंडाने मान हलवली. ओले डोळे बघून म्हातारीला वाटलं, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात याने मौन धरलंय. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "देव तुला शक्ती देवो. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

खुर्चीत आडवं पडून त्याने तोंड उघडलं. मिर्सिनीने दिवा खाली ओढला, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिचं नाक किंचित हललं.

"हं," ती म्हणाली. "बरंच रक्त आहे."

"आहे ना?" थ्रासोस खूश झाला. "सकाळपासून नुसती धार."

"नुसती धार. बरं. थांबा, हात धुऊन येते, मग बोलू आपण."

ती नळाकडे वळली, तेवढ्यात बेबाला घेऊन इव्हान्थिया आत आली. तिने नवऱ्याचे लाल दात पाहिले आणि तिला गहिवरून आलं. "म्हणजे खरंच सोडलीस रे. मी मेली उगीच संशय घेत होते. घे, घे तुझी नात," असं म्हणत तिने बेबाला त्याच्या मांडीवर ठेवलंसुद्धा.

किती हलकी होती ती, आणि किती ऊबदार. डोक्याला दुधाचा वास येत होता. आपल्या तोंडाचा वास तिला लागू नये म्हणून थ्रासोसने श्वास रोखून धरला. बेबाला नुकतीच दातांची शिवशिव सुरू झाली होती. तिने आजोबांचा हात धरला, त्यातला सगळ्यात जाड अंगठा निवडला आणि तोंडात घालून चघळायला लागली. आंबट लागल्यावर तोंड वाकडं केलं, डोळे मिचकावले, आणि पुन्हा दुप्पट जोराने चोखायला लागली.

"अगं बाई, रक्त," इव्हान्थिया किंचाळली. "मिर्सिनी, पोरीच्या तोंडातून रक्त येतंय."

मिर्सिनी धावत आली. बेबाची हनुवटी लाल, ओठ लाल, झबल्यावर लाल ओघळ. आईचा चेहरा पांढरा पडला. थ्रासोसने तो चेहरा पाहिला. गप्प बसला असता तर अजून थोडा वेळ नात मांडीवर राहिली असती. पण त्याला बसवेना.

"रक्त नाही गं ते. रंग आहे, अंड्यांचा. मी हिरड्यांना फासला होता. तिला काही झालेलं नाही, अंगठ्याचा लागलाय. मी ओढतो. अजून ओढतो. घे तिला."

मिर्सिनीने बेबाला उचललं, बोटाने हिरडी पुसली, वास घेतला आणि सुस्कारा सोडला. "रंगाचं मला मघाशीच कळलं होतं, बाबा. रक्ताला व्हिनेगरचा वास येत नाही. हात धुऊन झाल्यावर हजेरीच घेणार होते तुमची."

इव्हान्थियाचा मात्र भडका उडाला. "लाज नाही वाटत? खोटारडा मेला. पोरीच्या जिवाला घोर लावलास. आयुष्य गेलं तुझ्यासोबत, या बाईने कधी काही लपवलं का तुझ्यापासून? ऊठ तिथून. मिर्सिनी, माझं तोंड तपास, आणि दाखव याला चांगल्या माणसाच्या हिरड्या कशा असतात. एक थेंब रक्त नाही येत कधी. एक थेंब."

थ्रासोस उठला, ती बसली. मिर्सिनीने पोर पाळण्यात ठेवली, हात पुन्हा धुतले, तपासायला सुरुवात केली, आणि तपासतच राहिली. एका दातामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा.

"आई," ती शेवटी म्हणाली, "दोन दाढा हलतायत. हिरड्या खाली सरकल्यात. दातांच्या मागे काळे डाग आहेत. आणि रक्त खरंच एक थेंब नाही."

"मग? सांगितलं ना मी."

"कधीपासून ओढताय?"

थ्रासोसला एकदम तो बिस्किटांचा डबा आठवला, आणि झिसिसला उगीच माफ केल्याचं वाईट वाटलं.

"दुपारी तू जेवायला घरी यायचास ना," इव्हान्थिया छताकडे बघत म्हणाली, "तेव्हा टपरीवर कोण बसायचं? एकटीने काय करायचं माणसाने?"

त्या रविवारी कोकरू भाजलं गेलं, रिवाजाप्रमाणे लाल अंड्यावर लाल अंडं आपटलं गेलं, पण बेबा आईच्याच मांडीवर राहिली. मिर्सिनीने नवा कायदा केला होता. ज्याच्या हिरडीतून आधी खरं रक्त येईल, त्याला आधी नात. त्या घरात मग जी चुरस लागली ती काय सांगावी. दोघं एकमेकांच्या पाळतीवर. दोघं सकाळी बेसिनपाशी खांद्याला खांदा लावून घासायची, थुंकायची, आणि एकमेकांच्या थुंकीकडे चोरून बघायची.

मे महिन्यातल्या एका सकाळी थ्रासोस तसाच, सपाता घालून, तोंडाला फेस, दवाखान्यात धावत शिरला. मागून इव्हान्थिया ओरडत आली, "बघू नकोस, मिर्सिनी, लबाड आहे तो."

मिर्सिनीने बघितलं नाही. आधी वास घेतला. मग दिवा खाली ओढला, मग हसली, आणि पाळण्यातून बेबाला उचलून त्याच्या हातात दिली. इव्हान्थिया तोंड फुगवून ब्रश शोधायला घरी निघून गेली.

थ्रासोस खुर्चीत बसला. या वेळी त्याने श्वास रोखला नाही. बेबाने त्याच्याकडे निरखून पाहिलं, ओळख पटली, हात ओढून तोच जाड अंगठा तोंडात घातला आणि जोर लावून चोखला. मग थांबली. पुन्हा चोखून पाहिला. आणि आंबट लागत नाही म्हणून तिने भोकाड पसरलं.