थरावर थर

माझे कपडे रोज बायको काढून ठेवते. मी आंघोळ करून येतो, पलंगावर जे असेल ते अंगात घालतो आणि ऑफिसला जातो. (एकदा माझा मेहुणा आमच्याकडे मुक्कामाला असताना मी त्याचे कपडे घालून गेलो. मला ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही. त्याला मात्र सकाळीच कळलं, कारण तो तेव्हा आंघोळीला गेला होता.)

त्यामुळे बायकोला तिच्या हॉस्पिटलात मेट्रन म्हणून बढती मिळाली आणि हॉस्पिटलसमोरच्या हिरवळीवर तिचा सत्कार ठरला, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, की या वेळी माझे कपडे मी निवडणार. तिच्यामागचं एक काम कमी करावं, एवढाच माझा हेतू होता. ती भाषणाच्या गडबडीत होती. दुपारी ऊन असतं, साधा सुती शर्ट घाला, इतकंच म्हणाली आणि पुन्हा भाषण पाठ करायला लागली.

साधा सुती शर्ट मी रोजच घालतो. एवढ्या मोठ्या दिवशी मेट्रनबाईंचा नवरा कारकुनासारखा दिसू नये असं मला वाटलं. (मी विमा कंपनीत कारकून आहे.) म्हणून मी मेहुण्याकडे गेलो. तो कपड्यांच्या दुकानात सेल्समन आहे आणि घरातही सेल्समनच असतो. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"भावोजी, सध्या सकाळी गारठा, दुपारी ऊन आणि संध्याकाळी वारा. एका शर्टात हे सगळं कसं बसणार? थर लावायचे. उकडायला लागलं की वरचा एकेक थर उतरवायचा. कांद्यासारखं."

मला ते लगेच पटलं. (कांदा सोलला की पाणी दुसऱ्यांच्या डोळ्यांना येतं, हे तेव्हा सुचलं नाही.)

सत्काराच्या दिवशी बायको लवकर गेली आणि मी थर लावायला घेतले. सगळ्यात आत अंगाला घट्ट बसणारं थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर बंद गळ्याचा लोकरी स्वेटर, त्यावर कोट, आणि स्टाईल म्हणून गळ्यात मफलर. आरशात पाहिलं तर समोर एखाद्या बर्फाळ देशाचा राजदूत उभा होता. फक्त त्याचे हात पूर्ण खाली येत नव्हते.

हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं झकास होतं. सकाळच्या गारठ्यात बाकीचे लोक हात चोळत होते आणि मी त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत होतो. बायको स्टेजजवळ कुणाशी तरी बोलत होती. मी लांबूनच हात केला. तो खांद्यापर्यंतच गेला, त्यामुळे तिला दिसला नसावा. मी पुढच्या रांगेत राखून ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसलो. माझ्या मागे नुकत्याच पास झालेल्या नर्स ओळीने बसल्या होत्या.

प्रमुख पाहुणे म्हणजे एक निवृत्त सर्जन. ते यायचे होते. आमच्यावर मांडव नव्हता आणि पाहुण्यांच्या आधी ऊन आलं.

मी घाबरलो नाही. मेहुण्याची शिकवण आठवली. मफलर काढला. थोड्या वेळाने कोट काढला. त्याची एक बाही उलटी झाली, पण निघाला. तरी थर्मलच्या आत माझा अक्षरशः भात शिजत होता, म्हणून स्वेटर खालून धरला आणि डोक्यावरून वर ओढला. तो गळ्यापर्यंत आला आणि तिथेच बसला. शर्टाचं बटण लोकरीत अडकलं होतं, चष्म्याची काडी कुठेतरी रुतली होती आणि दोन्ही हात वर, बाह्यांमध्ये कैद होते.

त्या अंधारात मला मागून एका मुलीचा आवाज ऐकू आला, की अगं, या काकांना काहीतरी होतंय.

मला काही होत नाही, फक्त स्वेटर निघत नाही, असं मी स्वच्छ सांगितलं. पण लोकरीतून बाहेर पडेपर्यंत त्याचं "म्म म्म म्म" झालं असावं.

"बोलणं अस्पष्ट आहे," एक जण म्हणाली.

"आणि हात आखडलेत," दुसरी म्हणाली.

या सगळ्या माझ्या बायकोच्या हाताखाली तयार झालेल्या मुली. पेशंट काहीही बडबडला तरी आपण आपलं काम सोडायचं नाही, हे तिने त्यांच्या मनावर पक्कं बिंबवलेलं. क्षणात मी स्ट्रेचरवर आडवा झालो आणि क्षणात आत पोचलो. मग कात्रीचा गार स्पर्श पोटाला झाला. स्वेटर गेला, शर्ट गेला, थर्मल गेलं. त्यातून माझा लालबुंद, घामाने डबडबलेला चेहरा बाहेर आला तेव्हा त्यांचं निदान आणखीच पक्कं झालं. पँटचं काय झालं ते विचारू नका. थर तिथेही होते.

बायको धावत आली तेव्हा मी हॉस्पिटलच्या निळ्या गाऊनमध्ये पंख्याखाली पडलो होतो. हा गाऊन पुढून बंद असतो आणि मागून नाड्यांच्या भरवशावर असतो. तिने आधी नाडी पाहिली, मग डोळे पाहिले. मला काही झालेलं नाही याची खात्री पटल्यावर जमिनीवरचा कापलेल्या कपड्यांचा ढीग पाहिला. तिचे ओठ थरथरत होते. रडणार की हसणार, हे मला इतक्या वर्षांच्या संसारानंतरही सांगता येईना.

बाहेर एव्हाना पाहुणे आले होते आणि लाउडस्पीकरवरून तिचं नाव पुकारलं जात होतं. मी म्हणालो, तू जा, तुझा दिवस आहे, मी इथेच बरा आहे.

"बढतीचं कळल्यापासून तुम्ही पहिल्या रांगेत बसणार म्हणून मी भाषण तुमच्याकडे बघून करायचं ठरवलंय," ती म्हणाली. मग कोपऱ्यातली व्हीलचेअर ओढत आणली. "बसा. पाठ टेकून बसायचं आणि काही झालं तरी उठायचं नाही."

अशा रीतीने मी सत्काराला हजर झालो. बायको छान बोलली, माझ्याकडे बघून बोलली आणि एकदाही अडखळली नाही. माझी छाती गाऊनमध्ये फुलली. (मागची एक नाडी तेव्हाच सुटली.)

भाषण संपल्यावर पाहुण्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मेट्रनबाईंनी एका रुग्णालाही आठवणीने कार्यक्रमाला आणलं, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. ते माईक घेऊन खाली आले. "दोन शब्द बोला. उभं राहता येतंय का? सगळ्यांना दिसाल."

"त्यांना उभं राहायची सक्त मनाई आहे," बायको स्टेजवरून म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी बसूनच बोललो. मनापासून बोललो. म्हणालो, "या बाई नसत्या तर आज अंगावर काय घालायचं, हेसुद्धा मला कळलं नसतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत एक आजी डोळे पुसत होत्या. माझी स्मृती गेली असावी असा त्यांचा समज झाला होता, हे मला नंतर समजलं. पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की सख्खी माणसंही इतकं करत नाहीत.

निघताना ते बायकोचा निरोप घ्यायला आले. ती माझ्या मागे उभी राहून सुटलेल्या नाडीची गाठ मारत होती.

"बाई, तुमच्या यजमानांना भेटायचं राहिलंच," ते म्हणाले. "ते आले नाहीत का?"

बायकोने शांतपणे गाठ घट्ट केली.

"आलेत ना," ती म्हणाली. "कपडे बदलायला गेलेत."