गेटला आलेले फोन

“अरे गाढवा, गेटला कोण फोन करणार?”

“मग हा हिरवा दिवा उगाच लुकलुकतोय का?”

“तुझ्या डोळ्यांपुढे लुकलुकतंय! दोन तास उन्हात उभा आहेस!”

“मामा, मी आंधळा नाही!”

“असतास तर बरं झालं असतं, निदान वायरींना हात तरी लावला नसतास!”

आमचं हे भांडण चाललं होतं आणि समोर सोसायटीचं गेट आपोआप उघडत होतं, मिटत होतं, परत उघडत होतं. एखादा म्हातारा खुर्चीत बसून जांभया देतो ना, तसं! तेही चेअरमनसाहेबांच्या डोळ्यांदेखत.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. वॉचमनकाका मला द्यायच्या सायकलला हवा भरतायत, तेवढाच वेळ आहे. पंप गळका आहे म्हणून बरं.

माझा मामा गेटं बसवतो. सरकती, मोटरवाली. या गेटला एक डबा आहे, डब्यात सिमकार्ड. घरी येणाऱ्याने गाडीत बसल्या बसल्या त्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंग होतात, डबा नंबर ओळखतो, फोन कट करतो आणि गेट उघडतो. बारा वर्षं झकास चाललं. मग मोबाईल कंपनीने जुनं नेटवर्क बंद केलं. आपल्या मोबाईलला काही झालं नाही, पण डबा जुना, त्याला नवीन नेटवर्क कळतच नाही! सोमवारी सकाळी निम्मी सोसायटी गाड्यांत बसून गेटला फोन लावत होती आणि गेट ढिम्म. शेवटी चौघांनी ढकलून उघडलं. त्यातल्या एकाची अजून कंबर धरलीय.

“नवा डबा, नवं सिम. दहा मिनिटांचं काम!” मी म्हणालो. “मामा, तू यायचंसुद्धा नाही. एकटा करतो!”

एवढी छाती फुगवायला कारण होतं. मी नववीत शाळा सोडली. बाबा तेव्हापासून माझ्याकडे नासलेल्या दुधाकडे बघावं तसं बघतात. शेवटी त्यांचं आणि मामाचं ठरलं. हे गेट मी एकट्याने बसवायचं, शनिवारी चेअरमनसमोर चाचणी द्यायची. पास झालो तर बाबा शाळेचं नाव काढणार नाहीत. नापास झालो तर बाहेरून दहावी द्यायची, सोमवारपासून क्लासला, तोंडातून शब्द न काढता.

बुधवारी डबा खरंच दहा मिनिटांत बसला! पण मग शहाऐंशी घरांचे शहाऐंशी नंबर त्यात भरायचे. एकेका नंबरासाठी एकेक मेसेज. पाचव्या नंबरला माझं डोकं सटकलं. माहितीपत्रक उलटंपालटं केलं तर त्यात एक सोय सापडली. कुणाचाही फोन आला तरी गेट उघडायचं. दिली चालू करून! नवा नंबर ठाऊक कुणाला? फक्त सोसायटीला. बाहेरचा माणूस कशाला गेटला फोन करेल? स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी घरी गेलो.

गुरुवारी गेट सहा वेळा आपोआप उघडलं.

“वारा असेल,” वॉचमनकाका म्हणाले.

“काका, चारशे किलोचं गेट आहे!”

“मग मोठा वारा असेल.”

शुक्रवारी सोळा वेळा. तळमजल्यावरच्या काकूंचा कुत्रा फिरायला गेला, एकटाच. एक टेम्पो सरळ आत शिरला आणि कुणा भलत्याचाच सोफा चेअरमनसाहेबांच्या गाडीच्या जागेत उतरवून निघून गेला. साहेबांनी रात्री गाडी रस्त्यावर लावली. मामा धावत आला, मोटर खोलली, सेन्सर पुसला, रिमोटमधले सेल काढून खिशात टाकले. गेट उघडतच होतं!

शनिवारी चाचणी. साहेब त्याच सोफ्यावर बसून बघत होते. मामाने मिस्ड कॉल दिला. गेट उघडलं. मिटलं. मी कॉलर ताठ केली. गेट परत उघडलं.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“नवीन आहे ना साहेब,” मामा म्हणाला, “सराव करतंय.”

गेटने आणखी चार वेळा सराव केला. तेव्हा मी डब्याकडे टक लावून बसलो आणि मला दिसलं, दर वेळी उघडायच्या आधी हिरवा दिवा दोनदा लुकलुकतो. फोन येतो तसा! मग ते भांडण झालं, जे सुरुवातीला सांगितलं.

शेवटी मी डब्यातलं सिम उपसलं आणि मामाच्या मोबाईलमध्ये घातलं. मिनिटभरात रिंग! मामाने स्पीकर लावला.

“हॅलो, दहावीचा क्लास ना? गणिताला कोण सर आहेत?” एक बाई.

“बाई, हे गेट आहे,” मामा म्हणाला. बाईंनी फोन आपटला.

“अरे, पुलापलीकडच्या क्लासचा जुना नंबर दिसतोय!” वॉचमनकाका म्हणाले. “त्यांनी मागेच बदलला. माझी नात जायची.”

म्हणजे कंपनीने क्लासचा सोडलेला नंबर आमच्या गेटला चिकटवला होता! तेवढ्यात परत रिंग.

“हॅलो! लागला एकदाचा! अहो सर, तीन दिवस फोन करतोय, दोन रिंग झाल्या की तुम्ही कट करता!”

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. बाबा!

“गेल्या वर्षीपासून तुमचं पत्रक जपून ठेवलंय. मुलगा हुशार आहे हो, पण बूड टेकत नाही. आज एका गेटवर त्याची परीक्षा आहे. ते बिघडणारच. एक जागा धरून ठेवा.”

“भाऊजी,” मामा ओरडला, “अहो, ते गेट तुम्हीच बिघडवताय!”

“कोण? तू क्लासवर काय करतोयस?”

“बाबा, ही चीटिंग आहे!” मीपण ओरडलो.

पलीकडून हळूच आवाज आला, “तूपण आहेस? क्लासमध्ये? आपणहून गेलास?”

“अहो, नाही...”

“काही बोलू नकोस,” बाबांचा आवाज चक्क भरून आला होता. “तिथेच थांब. मी आलोच!” फोन कट. परत लावला तर उचलत नाहीत. स्कूटरवर असले की ते उचलतच नाहीत.

साहेब सोफ्यावरून उठले. “दोष मुलानेच शोधला. सोमवारपर्यंत सगळे नंबर भरा, मग पास!” मामाने भांडणापासून धरलेला माझा कान सोडला आणि एक्याऐंशी नंबरांची यादी घेऊन बसला.

म्हणजे मी पास. आणि बाबा पुलापलीकडे क्लासच्या दारात मला शोधणार. त्यांचा तसला आवाज मी आधी कधी ऐकलेला नाही. खरं सांगायचं, की गणिताला कोण सर आहेत ते विचारायचं, अजून ठरत नाहीये.

काका टायर दाबून बघतायत. भरली वाटतं हवा. चला, बाबांच्या आधी क्लासला पोचायला हवं, निघतो!