भंतेंचं जेवण आणि रूलोफचं सूप

भंते सोमरतन रविवारी कुणाच्या घरी जेवायला येणार, हे बुधवारच्या ध्यानवर्गात जाहीर झालं, तेव्हा वाउटरने डोळे मिटलेलेच ठेवले. स्वतःचं नाव ऐकून चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. मग एक डोळा किलकिला करून त्याने रूलोफकडे पाहिलं. रूलोफ हसत होता, तेही मनापासून. वाउटरची अर्धी मजा तिथेच गेली.

रूलोफ त्याचा शेजारी. डेव्हेंटर शहरातल्या आमच्या गल्लीत बुद्ध आणला तो वाउटरने, दोन वर्षांपूर्वी. रूलोफला वर्गात नेलं तेही त्यानेच. आता रूलोफ मांडी घालून तासभर हलत नाही, आणि वाउटर गुडघ्यांपायी खुर्चीवर. मागे एकदा भंते सगळ्यांसमोर रूलोफला म्हणाले होते, "छान बसता तुम्ही." वाउटरला दोन वर्षांत ते एवढंच म्हणाले होते, "खुर्ची बरी आहे ना?" तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. दुसऱ्याच्या सुखात सुख मानायचा अभ्यास तो रोज सकाळी वीस मिनिटं करी. एकविसाव्या मिनिटाला खिडकीतून रूलोफ दिसे.

या जेवणात तरी भंतेंच्या तोंडून आपल्यासाठी एक चांगला शब्द निघावा, एवढीच त्याची इच्छा होती. घरात पूर्ण शांतता हवी, म्हणून शनिवारी दुपारीच त्याने घरातले सगळे फोन बंद करून कपाटात ठेवले.

"काही महत्त्वाचं असलं तर?" बायकोने, इनेकेने विचारलं.

"महत्त्वाचं काही नसतं, हेच तर शिकायचंय."

"बरं," म्हणून ती बागेत खुरपं घेऊन गेली.

रविवारी स्वयंपाकघरातल्या घड्याळात सव्वादहा झाले होते. वाटाणे नुकतेच शेगडीवर चढले होते आणि वाउटर खुर्च्या मांडत होता. तेवढ्यात बेल वाजली. दारात भंते, मागे वर्गातले चौघे.

"फारच लवकर आलात," वाउटर म्हणाला.

"लवकर कसले? सव्वाअकरा झाले," मागून एक बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यासाठी काल रात्री देशभरची घड्याळं तासभर पुढे केली ना. मार्चचा शेवटचा रविवार."

आपोआप पुढे जाणारे फोन कपाटात होते, आणि भिंतीवरचं घड्याळ कुणी हलवलं नव्हतं. भंते बाराच्या आत जेवतात, नंतर दुसऱ्या सकाळपर्यंत काही खात नाहीत. नव्या माणसांना हा नियम वर्गात तोच तर समजावून सांगत असे.

इनेकेने भांड्यात डोकावलं. "यातला एक फेकून मारला तर खिडकी फुटेल. ब्रेड आणि चीज देऊया."

"भंतेंना ब्रेड-चीज?"

"आपण रोज तेच खातो की."

"म्हणूनच नको." त्याने आच वाढवली. वाटाणे काही ऐकेनात.

बाराला दहा कमी असताना मागचं दार उघडलं. रूलोफ आत आला, हातात भलंमोठं पातेलं. "इनेके कुंपणावरून म्हणाली, वाटाणे शिजेनात. माझं सूप तयारच होतं."

वाउटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू आजच कशाला केलंस?"

"अरे, मी दर रविवारी करतो."

इनेकेने वाडगा भरून वाउटरच्या हातात दिला. भंते स्वतः अन्न उचलून घेत नाहीत, कुणीतरी त्यांच्या हातात द्यावं लागतं, आणि ते यजमानानेच द्यावं असं वाउटरनेच ठरवून ठेवलं होतं. तो वाडगा धरून उभा राहिला. सुपावर बारीक चिरलेली कोथिंबीरसुद्धा होती.

"माझे वाटाणे होतीलच पाच मिनिटांत," तो म्हणाला.

"वाउटर, चार मिनिटं उरलीत," रूलोफ हळूच म्हणाला.

"दे ना रे त्यांना," इनेके म्हणाली आणि हात धुवायला बागेतल्या नळावर गेली.

वाउटरने वाडगा दिला, पण फार वेळ घेऊन. भंतेंनी चमचा उचलला आणि चर्चची घंटा वाजू लागली. बारा ठोके झाले. भंतेंनी चमचा खाली ठेवला.

"असू दे. एक दिवस काही होत नाही," ते म्हणाले.

आपल्या जळफळाटापायी एक म्हातारा माणूस उपाशी राहिला, हे वाउटरला कळलं आणि त्याला फार लाज वाटली.

तेवढ्यात इनेके ओल्या हातांनी आत आली. "जेवत का नाहीत?"

"बारा वाजले," रूलोफ म्हणाला.

"बागेतल्या सूर्यघड्याळात तर आत्ता कुठे सव्वादहा होऊन गेलेत. इथला सूर्य एरवीही घड्याळाच्या पाऊण तास मागे असतो, आज तर तो डोक्यावर यायला दीड वाजून जाईल. घड्याळ पुढे केल्याचं त्याला कुणी कळवलेलं नाही."

भंते तिच्याकडे बघत राहिले. मग खांद्यावरचं चीवर घसरेपर्यंत हसले. "नियम झाला तेव्हा भिंतीवर घड्याळ नव्हतंच," म्हणत त्यांनी चमचा उचलला. त्यांनी दोन वाडगे संपवले. मग सूर्यघड्याळाशी इनेकेबरोबर बराच वेळ उभे राहिले.

"ध्यान किती वर्षं करता?" त्यांनी तिला विचारलं.

"मी? कधीच नाही. बागेतून सवड कुठे मिळते?"

"बुधवारी वर्गात या. या सगळ्यांशी जरा बोला."

दारात उभ्या रूलोफच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. ते मावळताना वाउटरने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर दोघे मागच्या पायरीवर बसले.

"सुपाबद्दल काही म्हणाले?" वाउटरने विचारलं.

"काही नाही. तुला?"

"जाताना खुर्चीचं विचारलं."

रूलोफ बागेतल्या इनेकेकडे बघत म्हणाला, "आणि ती एकदासुद्धा ध्यानाला बसलेली नाही रे."

"एकदाही नाही. दोन वर्षं मला हसतेय."

रूलोफने मान खाली घातली. त्याच्याबद्दल वाउटरला पहिल्यांदाच खरीखुरी करुणा वाटली. आत जाऊन त्याने उरलेलं सूप दोन वाडग्यांत आणलं, एक रूलोफच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः चाखला.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.