यंत्र खोटं बोलत नाही!

"माणूस खोटं बोलेल, यंत्र नाही!" बेकरीवाले अण्णा हे उठता-बसता म्हणत. चिमूटभर मीठसुद्धा काट्यावर तोलणारा माणूस तो! डॉक्टरीणबाईंनी घरी साखर तपासायचं मशीन घ्यायला लावलं, तेव्हा त्यांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

उद्या लेकीचं लग्न. तीन मजली केक मीच करणार, हा अण्णांनी तिला लहानपणीच दिलेला शब्द. तर ते पिठीसाखरेत कोपरापर्यंत बुडालेले असताना तपासणीची आठवण झाली. हात ॲप्रनला खसाखसा पुसले, बोट टोचलं, पट्टीला थेंब लावला.

चारशे बारा!

अण्णा मटकन स्टुलावर बसले. "अगं, मी संपलो! चारशे बारा!"

"काहीतरीच! मशीन बिघडलं असेल," बायको म्हणाली.

"मशीन? दे तुझं बोट!"

त्यांनी तिचं बोट चांगलं चोळलं आणि टोचलं. तीनशे सत्तर! तिला तर डायबेटिस नव्हताच. ती किंचाळली, म्हणून मेहुणा धावत आला. त्याचंही बोट अण्णांनी चोळलं. तीनशे नव्वद!

"साथ आलीय की काय, भाऊजी?" मेहुण्याने घाबरून विचारलं.

"लग्न पुढे ढकला!" अण्णा रडकुंडीला आले. "केक अर्धवट, आम्ही तिघं दवाखान्यात, पोरीकडे बघणार कोण?"

पोरीनेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"तहान, चक्कर, उलटी?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. तिघेही ठणठणीत भांडताहेत."

"बाबा आत्ता काय करत होते?"

"केकवर पिठीसाखर..."

बाई म्हणाल्या, "तिघांनाही साबणाने हात धुवायला सांग. कोरडे करून पुन्हा तपासा. घरचं मशीन थोडं वरखाली दाखवतंच, पण एवढं नाही. पुन्हा तेवढीच आली, तर मात्र ताबडतोब या."

अण्णांनी ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखे हात घासले. थेंब लावला.

एकशे अडतीस! बायको पंचाण्णव, मेहुणा एकशे चार! हुश्श! अण्णांनी लेकीला मिठी मारली आणि चक्क हुंदके देऊन रडले.

"म्हणजे यंत्र खोटं बोललं!" मेहुणा विजयी सुरात म्हणाला.

"छे! यांचं यंत्र आणि खोटं?" बायको अण्णांचा ॲप्रन झटकत म्हणाली. पिठीसाखरेचा ढग उठला. "त्याने केकची साखर तपासली. केकला मात्र जपा हो, बिचाऱ्याची चारशे बारा आहे!"